महासागराचे हजेरीपत्रक

(परीक्षणासाठी घेतलेले ग्रंथ : १. ‘ओशनोग्राफिक ॲटलास ऑफ द इंटरनॅशनल इंडियन ओशन एक्स्पिडिशन’, क्लाउस विर्टकी, नॅशनल सायन्स फाउंडेशन, वॉशिंग्टन, १९७१. २. ‘असॉल्ट ऑन द लार्जेस्ट अननोन’, डॅनियल बेहरमन, युनेस्को, १९८१.)

नागपूरला शून्य मैलाचा दगड पाहायला शाळेच्या सहली येतात. मुले चार घोड्यांजवळ उभी राहून फोटो काढतात, शिक्षक ‘हा भारताचा मध्यबिंदू’ असे सांगतात आणि सहल पुढे महाराजबागेकडे जाते. तो खरोखर मध्यबिंदू आहे की नाही, हा वाद आम्ही येथे उकरत नाही. आम्हांला त्या ठिकाणची दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १९०७ साली उभारलेल्या या खुणेची उंची सर्वेक्षकांनी फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदलेली आहे. स्तंभाशेजारच्या षट्कोनी दगडाचा माथा समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट उंच आहे. ‘समुद्रसपाटीपासून’ म्हणजे कोठून? जवळचा समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. पण भारताच्या उंचीमोजणीचा पाया नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या दीर्घकालीन नोंदींवर घातला गेला. त्यांत मुंबई, कारवार, कोची, मद्रास, विशाखापट्टणम होती, तशीच कराचीही होती. नागपूरच्या दगडाची उंची सांगायची तर कराचीच्या धक्क्यावर कोणीतरी वर्षानुवर्षे पाण्याची पातळी लिहून ठेवावी लागली होती.

एवढ्या प्रस्तावनेचे कारण असे, की ‘विदर्भातल्या मुलांना महासागर कशाला शिकवायचा’ हा प्रश्न आम्ही शिक्षकांकडूनच अनेकदा ऐकला आहे. वर उल्लेखिलेले दोन ग्रंथ आता जुने झाले आहेत. ते आज दुकानात मिळणार नाहीत. एखाद्या मोठ्या ग्रंथालयात शोधावे लागतील. तरीही त्यांचे परीक्षण आज करावेसे वाटते, कारण आपल्या पावसाबद्दल आपण वर्गात जे सांगतो, त्यातील बरेचसे या नकाशासंग्रहामागच्या नोंदींतून आले आहे. आणि जे सांगत नाही, त्यातील काही त्याच्या मर्यादेमुळे बराच काळ झाकून राहिले होते.

प्रथम पार्श्वभूमी. १९५० च्या दशकाअखेर हिंदी महासागर हा मोठ्या महासागरांतील सर्वांत कमी अभ्यासलेला महासागर होता. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नौकेने जगप्रदक्षिणा केली, पण हिंदी महासागराचा उत्तर भाग तिच्या वाट्याला आलाच नाही. १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ या इजिप्तच्या नौकेने सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली अरबी समुद्रात चांगले काम केले. पण एका नौकेने काय होणार? मग १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पडली. तीत डझनाहून अधिक देशांच्या चाळीसहून अधिक नौका सहभागी झाल्या. सोव्हिएत संघाची ‘व्हितियाझ’ होती, ब्रिटनची ‘डिस्कव्हरी’ होती, जर्मनीची ‘मेटेओर’ होती. अमेरिकेची ‘अँटन ब्रून’ ही पूर्वी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची विहारनौका होती. तिच्यावर प्रयोगशाळा बसवून तिला कामाला लावले. भारताच्या नौदलाची ‘किस्तना’ होती. भारत आणि पाकिस्तान दोघेही या मोहिमेत होते. ही शीतयुद्धाची ऐन वर्षे, आणि आपल्या बाजूने पाहिले तर १९६२ व १९६५ च्या युद्धांची वर्षे, हे लक्षात ठेवले म्हणजे या सहकार्याचे मोल कळते.

अनेक देशांनी नौका पाठवल्या म्हणजे सहकार्य झाले, असे मात्र नाही. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने मोजले तर त्या मोजण्यांची बेरीजच करता येत नाही. प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, पकडायला एकाने बारीक जाळे वापरले आणि दुसऱ्याने मोठ्या छिद्रांचे, तर ‘येथे जीव जास्त, तेथे कमी’ हे विधान समुद्राबद्दलचे नसते, जाळ्याबद्दलचे असते. म्हणून या मोहिमेसाठी ‘हिंदी महासागर प्रमाणित जाळे’ ठरवण्यात आले. त्यात सापडलेले नमुने कोचीच्या केंद्रात एकत्र आणून वेगळे करण्यात आले. मुंबईला कुलाबा वेधशाळेत १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले; तेथे जहाजांच्या नोंदी येत आणि आय.बी.एम. १६२० या संगणकावर त्यांचे विश्लेषण होई. पाण्याच्या नोंदी वॉशिंग्टन व मॉस्को येथील जागतिक केंद्रांत जमा होत. मोहीम संपताच, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. तिचे मुख्यालय पुढे गोव्यात दोनापावला येथे वसले. मोहिमेचे आपल्या देशाला झालेले हे सर्वांत टिकाऊ फळ होय.

आता विर्टकींच्या ग्रंथाकडे वळू. क्लाउस विर्टकी हे जन्माने जर्मन, इंडोनेशिया व ऑस्ट्रेलियात काम करून हवाई विद्यापीठात स्थिरावलेले. मोहिमेच्या नोंदी आणि उपलब्ध जुन्या नोंदी एकत्र करून त्यांनी हा पाचशेहून अधिक पानांचा नकाशासंग्रह तयार केला. तापमान, क्षारता, विरघळलेला प्राणवायू, फॉस्फेट, नायट्रेट, सिलिकेट. पृष्ठभागावर, खोलीवर, उभ्या छेदांत. आम्ही विद्यार्थी असताना हा ग्रंथ प्रथम हाती आला तेव्हा तो टेबलावर उघडून ठेवायला दोघे लागले, आणि पहिली काही मिनिटे त्यातले काहीच कळले नाही. त्यात कथा नाही, निष्कर्ष नाहीत, वाचकाला हाताला धरून नेणे नाही. नुसत्या समरेषा. पण अरबी समुद्रातील प्राणवायूच्या नकाशापाशी आम्ही थांबलो. पृष्ठभागापासून साधारण दीडशे मीटर खाली गेले की प्राणवायू जवळजवळ संपतो, आणि ही स्थिती हजार मीटरच्या आसपासपर्यंत टिकते. वर उत्तम मासळी देणारा समुद्र आणि त्याच्या पोटात गुदमरलेल्या पाण्याचा इतका जाड थर! २००० साली गोव्याच्या संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले, की पावसाळ्यानंतर भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही प्राणवायू संपतो आणि तेथून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. विर्टकींचे नकाशे नसते तर अशा अभ्यासाला पार्श्वभूमीच मिळाली नसती.

या ग्रंथाची खरी परीक्षा त्यातून पुढे काय निघाले यावर करावी लागते. १९७३ मध्ये विर्टकींनीच ‘सायन्स’मध्ये एक छोटा लेख लिहिला. विषुववृत्तावर, हिंदी महासागराच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे, वर्षातून दोनदा, म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या मोसमबदलाच्या काळात, एक अरुंद वेगवान प्रवाह धावतो. आज त्याला विर्टकी झोत म्हणतात. गंमत अशी, की तो शोधायला त्यांनी कोणतीही नवी नौका पाठवली नाही. व्यापारी जहाजे ठरल्या मार्गापासून किती सरकली, याच्या जुन्या नोंदी त्यांनी चाळल्या. जहाजाचा कप्तान आपल्या गरजेपुरते लिहीत असतो, ‘अपेक्षेपेक्षा एवढे मैल पूर्वेला आलो’. शेकडो कप्तानांचे हे लिहिणे एकत्र केले की प्रवाह दिसतो. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला भरलेल्या परिषदेत मॅथ्यू मॉरी यांच्या पुढाकाराने जहाजांच्या नोंदवह्या सारख्या पद्धतीने ठेवाव्यात असे ठरले होते. एकशेवीस वर्षांनी त्या परंपरेला असे फळ आले.

आता दोष. विर्टकींनी अनेक वर्षांच्या नोंदी दोन-दोन महिन्यांच्या गटांत एकत्र केल्या. त्यांना दुसरा इलाज नव्हता, कारण कोणत्याही एका वर्षाच्या नोंदी साऱ्या महासागराला पुरतील एवढ्या नव्हत्याच. पण याचा परिणाम शिक्षकांना चटकन समजेल. समजा, तुम्ही पाच वर्षांच्या ऑगस्ट महिन्यांची हजेरी एकाच पानावर बेरीज करून लिहिली. तुमचा वर्ग ऑगस्टमध्ये साधारण किती भरतो हे त्यावरून कळेल. पण ज्या वर्षी गावात साथ आली आणि निम्मी मुले घरी राहिली, ते वर्ष त्या पानावर सापडणार नाही. नकाशासंग्रह हे महासागराचे असे बेरजेचे हजेरीपत्रक आहे. त्यात दरवर्षी घडणारे दिसते, म्हणूनच वर्षातून दोनदा येणारा झोत त्याच्या चौकटीत बसला. एखाद्याच वर्षी घडणारे मात्र पुसले जाते.

आणि काय पुसले गेले पाहा! १९६१ हे मोहिमेच्याच काळातले वर्ष. त्या वर्षी भारतात नोंदीतल्या सर्वाधिक पावसाच्या वर्षांपैकी एक ठरेल असा पाऊस झाला. (मराठी वाचकांना त्या वर्षाचा जुलै वेगळ्या कारणाने, पानशेतच्या फुटण्याने, आठवतो.) वर्षाअखेरीस पूर्व आफ्रिकेत भयंकर पूर आले, व्हिक्टोरिया सरोवराची पातळी झपाट्याने वाढली. हिंदी महासागराची पूर्व बाजू, सुमात्रालगत, नेहमीपेक्षा थंड झाली होती आणि पश्चिम बाजू उबदार. नेहमी पूर्वेला जाणारा शरद ऋतूतील झोत अशा वर्षी मंदावतो. ही सारी एकाच घटनेची अंगे आहेत, हे ओळखायला १९९९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशिओ यामागाता यांनी ‘नेचर’मध्ये तिला ‘द्विध्रुव’ असे नाव दिले; त्याच अंकात पीटर वेब्स्टर व सहकाऱ्यांचाही तसाच लेख होता. साजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या यादीत १९६१ चे नाव आहे. म्हणजे चाळीस नौका ज्या महासागराच्या अभ्यासाला निघाल्या होत्या, त्याने आपले एक मोठे गुपित त्याच वर्षांत उघड केले होते, आणि ते कोणाला दिसले नाही. मोहिमेचे बहुतेक जहाजकाम १९६२ नंतरचे, हे एक कारण. सरासरीची सवय, हे दुसरे. दुसऱ्या कारणाला आम्ही जास्त महत्त्व देतो.

यातून शाळेत काय बदलायला हवे? ‘एल निनो आला की भारतात दुष्काळ’ हे समीकरण आता आठवीच्या मुलांनाही पाठ असते. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक. तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी द्विध्रुवही जोरात होता. २०१९ मध्ये पुन्हा तीव्र द्विध्रुव आला आणि देशाचा मोसमी पाऊस सरासरीपेक्षा १० टक्के जास्त झाला. एकाच कारणाचे सूत्र फळ्यावर लिहिणे सोपे असते. पण पाऊस आणि समुद्र यांचे नाते तेवढे सोपे नाही, हे मुलांना उदाहरणासह सांगता येते.

माहिती वाटून घेण्याचे महत्त्व दाखवणारी या मोहिमेतील सर्वांत चांगली गोष्ट आमच्या मते नकाशासंग्रहात नाहीच. ती हवेतल्या बाष्पाची आहे. आपल्या पावसाचे पाणी नेमके कोठून येते? मुंबईच्या आंतरराष्ट्रीय केंद्राशी निगडित असलेले आणि पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनी मोहिमेच्या नोंदींवरून १९६५ मध्ये हिशेब मांडला. विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या बाष्पापेक्षा भारताचा पश्चिम किनारा ओलांडणारे बाष्प खूपच जास्त भरत होते. म्हणजे मधला फरक अरबी समुद्राच्या बाष्पीभवनातून आला पाहिजे. पाऊस मुख्यतः अरबी समुद्राचा. हा निष्कर्ष आकर्षक होता. पण नोंदी सर्वांसाठी खुल्या होत्या, म्हणून त्या इतरांनीही तपासल्या. १९६९ मध्ये फिंडलेटर यांनी केनियातील फुग्यांच्या नोंदींवरून दाखवले, की विषुववृत्त ओलांडणारा वारा आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत एका अरुंद आणि अतिवेगवान झोतात एकवटलेला असतो. इतका अरुंद झोत विरळ नोंदींतून निसटणे अगदी सोपे. १९७० मध्ये के. आर. साहा यांनी, आणि १९७३ मध्ये साहा व पुण्याचेच एस. एन. बावडेकर यांनी, हिशेब पुन्हा केला. विषुववृत्तापलीकडून येणारे बाष्प जास्त ठरले. पुढे १९७५ च्या उन्हाळ्यातील नोंदींवरून कादे आणि रेव्हर्दँ या फ्रेंच संशोधकांनी सुमारे ७० टक्के दक्षिण गोलार्धातून आणि ३० टक्के अरबी समुद्रातून, असे प्रमाण दिले. विदर्भाला अरबी समुद्राबरोबरच बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचाही पाऊस मिळतो, हे खरे. तरी येथील संत्र्याच्या बागेत पडणारे काही पाणी मादागास्करजवळच्या समुद्रातून निघालेले असते, असे मुलांना सांगायला हरकत नाही. पिशारोटी चुकले म्हणून त्यांचे काम कमी प्रतीचे ठरत नाही. त्यांनी हिशेब उघड्यावर मांडला, म्हणून तो दुरुस्त झाला.

बेहरमन यांच्या पुस्तकाबद्दल थोडक्यात. ते युनेस्कोसाठी लिहिणारे पत्रकार. समुद्रविज्ञानावरचे त्यांचे लेखन याआधीही प्रसिद्ध होते. सामान्य वाचकाला मोहीम कळावी हा या छोट्या पुस्तकाचा हेतू आहे आणि तो चांगलाच आहे. पण त्याच्या नावाशी आमचे भांडण आहे. ‘सर्वांत मोठ्या अज्ञातावर हल्ला’! अज्ञातावर हल्ला करता येत नाही. मोहिमेतील बहुतेक काम हे ठराविक ठिकाणी नौका थांबवून, तारेवर बाटल्या सोडून, त्या वर ओढून, पाण्याचे पृथक्करण करून वहीत आकडे लिहिण्याचे होते. दिवसरात्र, तेच ते. विज्ञान लोकप्रिय करताना शौर्याची भाषा वापरली की वाचकाला वाटते, शोध हा धाडसाने लागतो. वर सांगितलेला विर्टकी झोत तर टेबलाशी बसून लागला. आणखी एक : मोहीम संपल्यावर सोळा वर्षांनी लोकांसाठी पुस्तक यावे, हे लोकजागृतीच्या दृष्टीने फार उशिराचे झाले. मराठीत तर अशा पुस्तकाची वाट आपण अजून पाहतच आहोत. नागपूरला रमण विज्ञान केंद्र आहे. ज्यांच्या नावाने ते आहे ते चंद्रशेखर वेंकट रमण १९१० मध्ये वित्त खात्याच्या नोकरीत याच शहरात होते आणि १९२१ मध्ये ‘नारकुंडा’ बोटीवरून परतताना समुद्राच्या निळाईचा प्रश्न त्यांनी एका लोलकाच्या साहाय्याने हाती घेतला. समुद्र आणि नागपूर यांना जोडणारी इतकी सोपी गोष्टही आपण क्वचितच सांगतो.

आज परिस्थिती कितीतरी पालटली आहे. नौकांची जागा बऱ्याच प्रमाणात ‘आर्गो’ फ्लोटनी घेतली आहे. माणसाच्या उंचीची ही नळकांडी हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि तापमान व क्षारता उपग्रहाकडे पाठवतात. २००७ च्या अखेरीस जगभर अशी तीन हजार फ्लोट झाली. त्यांच्या नोंदी चोवीस तासांच्या आत कोणालाही विनामूल्य मिळतात. भारतात हे काम हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था पाहते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर, २००७ मध्ये, तेथेच इशारा केंद्र सुरू झाले. २०१५ च्या डिसेंबरमध्ये गोव्याहून ‘सागर निधी’ मॉरिशसकडे निघाली आणि दुसरी हिंदी महासागर मोहीम सुरू झाली.

तरीही सारे खुले झाले असे समजू नये. १९८२ च्या समुद्रकायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात परकी संशोधनाला किनारी देशाची संमती आवश्यक केली. छोट्या देशांच्या हक्कांसाठी हे योग्यच होते. पण पहिल्या मोहिमेतल्या नौका ज्या पाण्यात सहज फिरल्या, तेथे आज आधी कागदपत्रे लागतात. सोमालियाच्या चाचेगिरीने पश्चिम हिंदी महासागरातील नांगरलेल्या तरंगकांचे काम अडवले. कोविडच्या साथीत नौका बंदरातच राहिल्या आणि तरंगकांची देखभाल खोळंबली. ही कारणे आपल्या हाताबाहेरची. पण घरची कारणेही आहेत. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने सरकारी खर्चाने गोळा झालेली माहिती शक्य तेवढी खुली करावी असे म्हटले. ते कपाटांपर्यंत पोचायला वेळ लागतो. काही वर्षांपूर्वी सांडपाणी समुद्रात सोडण्याच्या एका अभ्यासासाठी आम्हांला एका बंदराच्या तासागणिक भरतीच्या नोंदी हव्या होत्या. कार्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. अर्ज केला, हमीपत्र दिले, पुन्हा अर्ज केला. सात महिन्यांनी उत्तर आले, सोबत मासिक सरासरीचे दोन कागद. ते आकडे आम्ही लिव्हरपूलच्या जागतिक संग्रहातून पहिल्याच आठवड्यात उतरवून घेतले होते. सरासरीने आमचे काम होणार नव्हते, हे वरील विवेचनानंतर वेगळे सांगायला नको.

शिक्षकांसाठी एक सूचना करून थांबतो. आम्ही पाहिलेल्या बहुतेक शालेय नकाशांत हिंदी महासागराचे प्रवाह एकाच चित्रात, पक्क्या बाणांनी दाखवलेले असतात. सोमाली प्रवाह वर्षातून दिशा उलटवतो, हे त्या बाणांवरून कळत नाही. मुलांना कोरे नकाशे द्यावेत आणि जानेवारी व जुलै असे दोन काढून घ्यावेत. वरच्या वर्गांत याहून पुढे जाता येईल. मध्य अरबी समुद्रातील एका आर्गो फ्लोटच्या मे आणि ऑगस्टच्या नोंदी उतरवून घ्याव्यात आणि आलेखकागदावर खोली व तापमान यांच्या दोन रेषा काढाव्यात. ऐन पावसाळ्यात अरबी समुद्राचा पृष्ठभाग थंड झालेला दिसेल. बंगालच्या उपसागरासाठी हेच करून पाहावे. तेथे तितके थंड होत नाही. का, हा प्रश्न मुलेच विचारतील. उत्तरासाठी वारा, नद्यांचे गोडे पाणी आणि क्षारता यांपर्यंत जावे लागेल. गेल्या वर्षी शहरातील एका शाळेत आम्ही हा प्रयोग केला तेव्हा अकरावीतल्या एका मुलीने रेषा काढण्याआधीच विचारले, की हे यंत्र कोणत्या देशाचे. त्याचे नाव नोंदीच्या वरच्या भागातच असते. तिने ते वाचून आलेखाच्या कोपऱ्यात तारीख, अक्षांश आणि रेखांशासोबत लिहून ठेवले, आणि मग पहिला बिंदू टाकला.